स्वच्छ कीर्तन

जुन्या कॅसेट उतरवून देणाऱ्या केंद्रात, आवाज वाचता वाचता यंत्राने शेवटची कॅसेट विरघळवून टाकली. दाबकेकाकांनी जन्मभर टेपरेकॉर्डर आणि कॅमेरे जमवले, पण आता त्यांना त्या कॅसेटवरचं एवढंच ऐकायचं होतं: देवळातलं कीर्तन आणि बुवांचा विनोद संपायच्या आधीच हसणारी त्यांची बायको सुमती. तिला जाऊन वर्ष झालं होतं.

“ऐका काका, किती स्वच्छ झालंय,” केंद्रातली शर्वरी म्हणाली. “खोकला, कुजबुज, हसणं, सगळं यंत्राने आपोआप काढलंय.”

“हसणं तेवढं परत घाल, पोरी. बाकी खोकला गेला तर जाऊ दे.”

“काढलेलं उरत नाही, काका. आणि कॅसेटही गेली.”

काकांनी हेडफोन लावला. बुवांनी नारदाची फजिती रंगवून सांगितली, आणि दाद घ्यायला क्षणभर थांबले. भरल्या देवळात कुणीच हसलं नाही.