दुसरा ठिपका

"ते इंजेक्शन मी घेणार नाही," बाईंनी पर्स काखोटीला मारली. "छातीतली गाठ कुठे आहे ते कळलंय, शुक्रवारी ऑपरेशन आहे. आता आणखी फोटो कशाला?"

बाईंनी बत्तीस वर्षं शाळा चालवली होती. त्यांचा आवाज चढला की समोरचा आपोआप ताठ उभा राहायचा. तपासणीच्या खोलीतली टेक्निशियनही राहिली.

"आई, बसा बघू," सोबत आलेली तरुणी म्हणाली. चष्म्याच्या दुकानातल्या नोकरीतून अर्धा दिवस रजा काढून ती आली होती. "साध्या फोटोत सगळंच पांढरं दिसतंय, आणि गाठही पांढरीच. धुक्यात पांढरी गाय शोधायची कशी? हे औषध शिरेतून गेलं की जिथे दुखणं आहे ती जागा उजळते."

"तू डॉक्टर कधी झालीस?"

"चार दिवस झाले. तुमचेच कागद वाचून."

टेक्निशियनला हसू आलं. "ऐका हो सूनबाईंचं. माझ्या सुनेला माझ्या गोळ्यांची नावंसुद्धा ठाऊक नाहीत."

बाईंनी नजर पर्सकडे वळवली.

"किडनीचा रिपोर्ट पाहिलात ना?" तिने घाईने विचारलं. "आणि आईंना ॲलर्जी कशाचीच नाही."

बाई निमूट आत गेल्या. औषध शिरेत शिरलं तशी अंगभर ऊब पसरली. यंत्राच्या दोन पाट्यांमध्ये छाती दाबली गेली तेव्हा मात्र त्यांचा धीर सुटला. "आहेस ना गं?"

"दाराशीच आहे, आई."

त्या फोटोत गाठीपासून चार बोटांवर दुसरा ठिपका उजळला. सुईने तुकडा काढून तपासला, तर तोही कॅन्सरच निघाला. शुक्रवारचं ऑपरेशन दहा दिवस पुढे गेलं आणि त्याची सगळी आखणी बदलली. सर्जनबाईंनी दोन्ही जागा एकदमच काढल्या. त्यानंतर तिने बाईंना भरवलं, वेणी घातली, जखमेच्या नळीची बाटली न कुरकुरता रिकामी केली.

टाके काढायच्या दिवशी सर्जनबाई खुशीत होत्या. "काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आल्यात. तो फोटो झाला नसता तर दुसरा ठिपका आतच राहिला असता. माझं तर तुम्ही ऐकलं नव्हतंत! आभार मानायचे तर सूनबाईंचे माना."

ती औषधं आणायला खाली गेली होती. बाईंचे डोळे भरून आले.

"मानते हो. रोज मानते, मनातल्या मनात. तोंडाने जमत नाही."

"घरच्या माणसाशी कसला आलाय संकोच?"

"सून माझ्या मुलाबरोबर परदेशात असते, डॉक्टर," बाई हळूच म्हणाल्या. "ही त्याची पहिली बायको. घटस्फोटाच्या वेळी कोर्टात हिच्याविरुद्ध खोटी साक्ष दिली होती, ती मीच."