साडेआठचा फोन

मिस्त्रीने गोळी खिडकीबाहेर भिरकावली आणि तेवढ्यात फोन वाजला.

"घेतली का गोळी?"

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला होता, क्वचित कुणाला होणारा, संथ चालणारा. "रोज एक गोळी, वर्षानुवर्षं," डॉक्टर म्हणाले होते. "रोज आठवण करून द्यायला कुणी फोन केला तर चालेल?" त्याने मान डोलावली होती. तेव्हापासून सकाळी साडेआठला फोन यायचाच. फोन करणाऱ्या बाईंना तो सिस्टर म्हणायचा.

"फेकली," तो म्हणाला. बायकोशी खोटं बोलणं जमायचं, सिस्टरशी नाही. "काल लिफ्टच्या खड्ड्यात पायात असा गोळा आला, शिडीवरून पडलोच असतो. डोळे सुजून बेडकासारखे झालेत. सारखी मळमळ. पुरे झालं आता."

"उपाशीपोटी घेता?"

"सकाळी खायला वेळ कुणाला आहे?"

"मग मळमळणारच. आधी खा, मग भरपूर पाण्याबरोबर गोळी. पायांचं डॉक्टरांच्या कानावर घाला. पण चुकवायची नाही."

मिस्त्री भडकला. "सांगायला तुमचं काय जातंय? गिळावी मला लागते!"



"खरंय," बाई म्हणाल्या. "खाऊन घ्या. मी फोन धरते."

त्यांनी खरंच धरला. बायकोने ताटली पुढे सरकवली. मिस्त्रीने चार घास कोंबले, दुसरी गोळी काढली आणि गिळली.

त्यानंतर एकही दिवस चुकला नाही. डॉक्टरांनी पायांसाठी औषध दिलं, गोळे कमी झाले. कधी कधी बाईंनाच बोलताना धाप लागायची.

"जिना चढून आले," त्या म्हणायच्या.

"लिफ्ट बंद असेल तर मला बोलवा की!"

त्या हसायच्या.

वर्षाने तपासणी झाली. आजार रक्तात शोधूनही सापडेना.

"शाबास! जिद्दीने घेतलीत," डॉक्टर म्हणाले. "गोळी मात्र चालूच ठेवायची."

"शाबासकी सिस्टरना द्या. कुठे बसतात त्या? एकदा समोरून बघायचंय त्यांना."

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"त्या इथे नोकरीला नाहीत. पेशंट आहेत. बारा वर्षं हीच गोळी घेत होत्या. तुमची सुरू झाली त्याच आठवड्यात त्यांना ती लागू पडेनाशी झाली."