पिवळी चौकट

“सध्या या छोट्या कॅमेऱ्यांवर उड्या पडतायत, काका. जड ओझं कुणालाच नकोय,” काकांनी विकायला आणलेला कॅमेरा हातात घेत जुन्या कॅमेऱ्यांचा दुकानदार म्हणाला.

काकांची हयात लग्नांचे फोटो काढण्यात गेली, तीही गळ्यात जडशीळ कॅमेरा अडकवून. लेकीनं पहिल्या पगारातून हा तळहातावर मावणारा कॅमेरा आणला, तेव्हा ते पाहुण्यांदेखत हसले होते. “एवढासा सेन्सर! खेळणं आहे हे.”

त्यानंतर तिनं काढलेला एकही फोटो त्यांना दाखवला नाही. कॅमेरा घेऊन डोंगरात पक्ष्यांमागे भटकायची. गेल्या महिन्यात कड्यावरून पाय घसरला. घरी फक्त तिची सॅक आली. सॅकमध्ये हा होता, धडधाकट.

दुकानदारानं तपासायला म्हणून कॅमेरा गिऱ्हाइकांच्या घोळक्यावर धरला. स्क्रीनवरची पिवळी चौकट सगळ्यांना ओलांडून काकांच्या चेहऱ्यावर येऊन थांबली.

“यात तुमचा चेहरा साठवलाय कुणीतरी. कितीही गर्दी असू दे, हा आधी तुम्हालाच शोधणार. विकायचा तर पुसावं लागेल. पुसू?”

काकांनी केसांवरून हात फिरवला. नवरदेवांना सांगायचे, तशी स्वतःची हनुवटी जराशी वर केली.

“थांब. अजून एकदा धर माझ्याकडे.”