आरोळी

पिंजऱ्याच्या जाळीबाहेर पहिल्याच खुर्चीवर वस्ताद बसले होते. सगळं आयुष्य तालमीच्या लाल मातीत गेलेलं. लाथाबुक्क्यांची ही असली झुंज ते आज पहिल्यांदाच बघत होते, तीही पोटचा पोर लढतोय म्हणून. त्याच्या भुवईतून रक्त गळायला लागलं, तेव्हा त्यांनी टॉवेलचं टोक दातांत धरलं.

आणि पोराने पट काढला. समोरचा गडी उचलून दाणकन पाठीवर आपटला. वस्ताद ताडकन उठले.

"चितपट! झाली कुस्ती!"

ही आरोळी पोरगा लहानपणापासून ऐकत आला होता. ती आली की पकड सोडायची, उठायचं आणि जाऊन बापाच्या पाया पडायचं. क्षणभर त्याचे हात सैल पडले. पण इथे पाठ टेकली म्हणून कोणी हरत नव्हतं. खालच्या गड्याने दोन्ही पाय वर घेतले आणि पोराच्या मानेभोवती आवळले.

"हात आपटला की पंच सोडवतो!" शेजारी उभा असलेला कोच ओरडला. "हा आपटत का नाही?"

हार मानायची कशी, हे वस्तादांनी त्याला कधी शिकवलंच नव्हतं. ते धावत जाळीपाशी गेले, खाली वाकले आणि शड्डू ठोकायच्या हाताने जमीन बडवू लागले. "आपट रं! हात आपट!"

निळ्या पडलेल्या चेहऱ्याने पोराने त्यांच्याकडे बघितलं. त्याचा मोकळा हात हलला. तो आपटला नाही. जाळीपलीकडच्या बापाच्या पायांकडे हळूहळू सरकत राहिला.