अभ्यासाबाहेरचं

केतकी शाळेतून आली ती एकोणतीसचा पाढा म्हणतच. एकदाही अडखळली नाही.

“अगं बाई, कसं लख्ख झालंय डोकं!” आई म्हणाली.

चौथीच्या परीक्षेत मार्क पडावेत म्हणून शाळेने आजच यंत्र लावून मुलांच्या डोक्यातलं अभ्यासाबाहेरचं सगळं पुसलं होतं. कार्टून जातील, जाऊ देत की! काय ठेवायचं ते पालकांनी फॉर्मवर लिहायचं होतं. ‘घरची भाषा’ या रकान्यात आईने ‘मराठी’ लिहिलं होतं.

तेवढ्यात बाबा बाहेर आले. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही. रोजच्यासारखं त्यांनी हातांनीच विचारलं, आज शाळेत काय गंमत? केतकी तोंडाने बोलायच्या आधी बाबांशी हातांनी बोलायला शिकली होती.

ती आईला चिकटली. “आई, बाबा हात असे का हलवतायत?”

आईला फॉर्मवरचा तो रकाना आठवला. हातांच्या बोलण्यालाही भाषा म्हणतात, हे फॉर्म भरताना तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

बाबांना वाटलं, पोर थट्टा करतेय. ते हसले, आणि त्यांनी तेच पुन्हा विचारलं, या वेळी जरा सावकाश.