घरपोच मत

आत्याला आमच्या मतदारसंघाच्या सगळ्या निवडणुका तोंडपाठ आहेत. डॉक्टर जिंकले तेव्हा कोपऱ्यावर थिएटर होतं. वकीलबाई पडल्या त्या वर्षी तिथे पार्किंग झालं होतं. मधलं एक सरकार वर्षभरात कोसळलं, त्याला ती अजून दुवा देते. "दोनदा खाली जाऊन आले," म्हणते.

घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आत्याचे गुडघे केव्हाच कामातून गेलेत. मतदानाच्या दिवशी तेवढे कार्यकर्ते तिला खुर्चीसकट उचलून नेतात. एरवी कोण येतंय?

पंच्याऐंशीच्या पुढच्यांचं मत आता घरी येऊन घेतात. तिचे हाल नकोत म्हणून, तिला न सांगता, मीच धावपळ करून अर्ज भरला. मतदानाला चार दिवस असतानाच सकाळी दोन कर्मचारी आले, तेव्हा आत्या गेल्या निवडणुकीला घेतलेल्या, अजून नव्याकोऱ्या चपला घालून बघत दाराशी खुर्चीत बसलेली. त्यांनी तिथेच मत घेतलं, बोटाला शाई लावली आणि दहा मिनिटांत जिना उतरून गेले.



आत्या शाईकडे बघत म्हणाली, "चौऱ्याऐंशी लिहायला तुझं काय जात होतं रे?"