एकच प्रत

"पांढरं की पिवळं, तेवढं सांगा," सिस्टर म्हणाल्या. "मी दोन्ही भरून ठेवलंय."

ट्रेमध्ये दोन सिरिंज शेजारी शेजारी पडल्या होत्या. खाटेवर म्हातारा बेशुद्ध होता. त्याची नाडी मिनिटाला अठ्ठेचाळीसवर आली होती. डॉक्टर संगणकासमोर बसून एका कुलपाच्या चित्राकडे बघत होता.

म्हाताऱ्याला सकाळी लाकूडतोड्यांनी टेम्पोत घालून आणलं होतं. जंगलाच्या कडेला पडला होता, एवढंच त्यांना ठाऊक. खिशात ओळखपत्र नाही, कागद नाही. पिशवीत चाकू, दोरा आणि वर्तमानपत्रात एकेक करून नीट गुंडाळलेले चार जंगली कंद. फोन होता, पण कुलूपबंद. सिस्टरांनी सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खाटेच्या पायाशी अडकवलं होतं.

"भुकेपोटी खाल्ले असणार आजोबांनी," त्या म्हणाल्या होत्या.

पण तोंडात काही नव्हतं. डाव्या तळहातावर ताजी चीर होती, कडेने निळी पडलेली. चाकू निसटला असावा आणि कंदाचा चीक सरळ रक्तात गेला असावा.

डॉक्टरने कंदाचा फोटो विषबाधा केंद्राला पाठवला. केंद्राने कंद ओळखला. या विषावर जगात एकच शोधनिबंध आहे, तो वाचा, असंही कळवलं. त्यांनी स्वतः तो वाचला नव्हता. त्यांच्याकडेही कुलूपच दिसत होतं.

बाहेर फुकट दिसायचा तो फक्त सारांश. त्यात लिहिलं होतं : या विषावर दोन औषधं वापरली जातात, एक पांढरं, एक पिवळं. एकाने रुग्ण वाचतो, दुसऱ्याने तासाभरात दगावतो. कोणत्या औषधाने काय होतं, याची चर्चा मूळ निबंधात केली आहे.

"हा माणूस रहस्यकथा लिहायचा सोडून विज्ञानात कशाला आला?" डॉक्टर म्हणाला.

मूळ निबंध सदस्य संस्थांसाठी होता. हे सरकारी रुग्णालय गेल्या वर्षीपासून छताच्या दुरुस्तीचं सदस्य होतं, बाकी कशाचं नाही. सदस्यत्वासाठी अर्ज करता येत होता. अर्जाचा विचार तीन कामकाजाच्या दिवसांत होणार होता.

त्याने मोठ्या कॉलेजातल्या मित्राला फोन लावला.

"अरे, आमचंही यंदा बंद केलं," मित्र म्हणाला. "लेखकालाच मेल टाक ना. शास्त्रज्ञांना कोणी वाचतंय म्हटलं की गहिवरून येतं. लगेच पाठवतात."

पानाच्या तळाशी लेखकाचा पत्ता होता. डॉक्टरने दोन ओळी लिहून पाठवल्या.

उत्तर क्षणात आलं. त्याचा चेहरा उजळला आणि वाचता वाचता विझला. उत्तर यंत्राचं होतं.

'मी बाहेरगावी आहे, सोमवारी परतेन. निबंधाची प्रत हवी असेल, तर क्षमस्व. प्रकाशकाशी झालेल्या करारानुसार मला एकच प्रत जवळ ठेवता येते, तीही फक्त वैयक्तिक वापरासाठी.'

"स्वतःचं पोर स्वतःच्या घरात पाहुणं," डॉक्टर पुटपुटला.

"पोराचं राहू द्या, आजोबांचं बघा," सिस्टर म्हणाल्या. "बेचाळीस. त्यात यांच्या घरचे मेसेज पाठवतायत. आत्ताच टिंग झालं."

डॉक्टरने दुसरा मेल लिहिला. या वेळी लाजलज्जा सोडून लिहिला. रुग्णाचं वय, नाडी, निळी चीर, सगळं. करार मोडला म्हणून कोणी विचारलं, तर माझं नाव सांगा, असंही लिहिलं. पाठवला आणि वाट बघत बसला. दहा मिनिटं गेली. उत्तर नाही. यंत्रसुद्धा बोललं नाही.

सिस्टर खाटेपाशी घुटमळत होत्या.

"मधे परत वाजला हो यांचा फोन. कोणाचा तरी जीव टांगणीला लागलाय. अंगठ्याने उघडतो हा. लावू का यांचा अंगठा? निदान घरी कळेल."

"सिस्टर, तीन नंबरच्या खाटेवरचे मामा आठवतात?"

सिस्टरांनी पिशवीकडे नेलेला हात मागे घेतला. त्या मामांचा अंगठा त्यांच्या भाच्याने असाच बेशुद्धीत घेतला होता, घराच्या कागदांवर. भाचा घरात राहायला गेला आणि डॉक्टर दोन वर्षं कोर्टात साक्षी देत फिरला.

"बेशुद्ध माणसाचा अंगठा या वॉर्डात कोणी घेणार नाही," डॉक्टर म्हणाला. "परवानगी लागते."

"कोणाची?"

"त्याचीच."

सिस्टरांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं. परवानगी देण्याच्या स्थितीत तो काही दिसत नव्हता.

"अडतीस," त्या म्हणाल्या. "डॉक्टर, आता कुठलंतरी एक टोचावंच लागेल."

डॉक्टर उठला. पांढरी सिरिंज उचलली. ठेवली. पिवळी उचलली. पिवळी घेऊनच तो परत संगणकाशी आला आणि एका बोटाने शेवटची ओळ टाइप केली : 'सर, माणूस जातोय. पांढरं की पिवळं, एवढंच सांगा.'

त्याने बटण दाबलं.

खाटेच्या पायाशी टिंग झालं.

डॉक्टरने मान वळवली. सिस्टरांनीही. मग त्याने त्याच पत्त्यावर आणखी एक मेल पाठवला. त्यात नुसतं एक टिंब होतं.

टिंग.

डॉक्टरने सिरिंज खाली ठेवली, प्लॅस्टिकच्या पिशवीतून फोन काढला आणि खाटेपाशी गेला. सिस्टरांनी म्हाताऱ्याचा उजवा अंगठा ओल्या कापसाने पुसला, मग तसाच हवेत धरून ठेवला.

"आणि परवानगी?"

"करारात आहे," डॉक्टर म्हणाला. "लेखकाला एक प्रत, वैयक्तिक वापरासाठी."